पंचेचाळीसचा वाद

दिलीप,

चारचौघांत मी तुला असं नुसत्या नावानं कधी हाक मारली नाही. आपण साडू. फर्दापूरला सासरवाडीत एका सतरंजीवर बसून 'या दिलीपराव', 'घ्या सुधाकरराव' असंच चालायचं. सासूबाईंच्या घरात जावयाला कुणी अरे केलेलं त्यांना खपायचं नाही, मग तो दुसरा जावई का असेना. पण शहरात, छावणी भागातल्या तुझ्या घरी त्या संगणकाचं झाकण उघडलं की तू सरळ 'अरे'वर यायचास. "स्क्रू धर रे नीट." मग मीही. झाकण बसलं, मंगलताईंचा चहा आला, की आपण परत राव. इतकी वर्षं हे असंच चाललं आणि त्याबद्दल दोघांपैकी कुणी कधी चकार शब्द काढला नाही. आत्ता ते झाकण उघडं पडलंय, तेव्हा अरे-तुरे करतो.

तुझं तेरावं झालं आणि थोड्याच दिवसांत मंगलताईंचा फोन आला. मशीन मधूनच बंद पडते, कॅसेटा अर्ध्यात राहतात, म्हणाल्या. ही हौस तुझीच. अख्ख्या भावकीच्या लग्नाच्या जुन्या कॅसेटा तू गोळा केल्या होत्यास, एकेक संगणकात उतरवून देतो म्हणून. तू गेल्यावर मला वाटलं, ताई त्या पिशव्या ज्याच्या त्याला परत पाठवतील. तर नाही. राहिलेल्या त्यांनी स्वतः उतरवायला घेतल्या होत्या. तुझ्या शेजारी भाजी निवडत बसून बसून त्यांना सगळं पाठ झालेलं. पण एक कॅसेट संपत यायच्या आत मशीन धाडकन बंद.

काय झालं असेल ते मी फोनवरच ओळखलं. तू जाताना पंचेचाळीस लावून गेला होतास.

आपला वाद ज्यांच्या कानावर नाही असे आपल्या दोन्ही घरांत कुणी नसेल, तरी बाहेरच्या कुणी हे वाचलं तर त्यांच्यासाठी सांगून ठेवतो. प्रोसेसरला, म्हणजे संगणकाच्या मेंदूला, कंपनी एक वेग ठरवून देते. तुझ्या मते तो कंपनीचा भित्रेपणा. सेटिंगमध्ये एक आकडा असतो. तो वाढवला की प्रोसेसर जास्त पळतो, जास्त तापतो, आणि फारच तापला तर जीव वाचवायला आपला आपण बंद होतो. त्रेचाळीसवर तुझी मशीन गुमान चालायची. तुला पंचेचाळीस पाहिजे होतं. मी म्हणायचो, छत्रपती संभाजीनगरचा मे महिना आणि तुझी ती गच्चीखालची खोली, पंचेचाळीस होणे नाही. तू म्हणायचास, वेग बरोबर आहे, गारवा कमी पडतोय, त्याचं तेवढं जमू दे. तू शेंद्र्याला कारखान्यात टूलरूमला, साचे घासून मापात आणणारा, आणि मी वाळूजला तपासणी खात्यात. माझी सगळी नोकरी 'मर्यादेत आहे' असा शिक्का मारण्यात गेली. तुला ती मर्यादा नेमकी कुठं आहे तेच बघायचं असायचं.

एकदा मी विचारलं होतं, पंचेचाळीस मिळवून तू करणार काय? कॅसेटा त्रेचाळीसवरही उतरतात. बाकी त्या मशीनवर तू पत्ते लावतोस आणि पंचांग बघतोस. तू हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवलास आणि म्हणालास, "घाट चढायला लागल्यावर वर काय हाय म्हणून विचारतो का रे कुणी?" मी निमूट पुढचा स्क्रू धरला.

आता मात्र मामला सोपा होता. दोन कळा दाबायच्या, आकडा खाली आणायचा. मंगलताईंच्या कॅसेटा सुरळीत आणि इतक्या वर्षांचा वाद माझ्या बाजूनं निकालात. समोर भांडायला तू नाहीस. असा आयता विजय मिळणार होता आणि रविवारी सकाळी स्कूटरला किक मारायला मी उगाच उशीर लावत होतो.

वाटेत सारखं आठवत होतं, त्या गारव्यासाठी तू काय काय केलंस. आधी बाजूचा पत्रा काढून टेबलफॅन लावलास. पुढच्या उन्हाळ्यात घरातला मोठा कूलर, वाळ्याच्या ताट्यांचा, सगळ्या घराकडं पाठ करून मशीनकडं वळवलास. लेक पुण्याहून सुट्टीला आलेली. ती आणि मंगलताई पदरानं-ओढणीनं वारा घेत स्वयंपाकघरात, आणि प्रोसेसर वाळ्याच्या थंडगार वासात. तापमान खरोखर उतरलं. तू मला फोनवर आकडा असा ऐकवलास की कुणाला मुलगा झाला असं आमच्या वैशालीला वाटलं. मग काही दिवसांत आतल्या पात्यांवर पांढरी खर धरली. बोअरचं पाणी ते, बादल्यांना सोडत नाही, तर प्रोसेसरला सोडतंय होय? तू जुन्या टूथब्रशनं ती खर काढत बसलास आणि मी शेजारी उभा राहून 'तरी मी म्हणत होतो' असं म्हणत राहिलो. वास्तविक मी काहीच म्हणत नव्हतो. कूलर उचलायला दुसऱ्या बाजूनं हात माझाच होता.

त्यानंतर ताम्हन.

मागं एका धोंड्याच्या महिन्यात सासूबाईंनी आपल्या दोघांना वाण म्हणून अनारशांसकट तांब्याची ताम्हनं दिली. दोन्ही तंतोतंत सारखी, कारण साडूंच्या वाणात गुंजभर फरक पडला तर तो नातवंडांच्या लग्नापर्यंत पुरतो. दोन्हींच्या पाठीवर मधोमध, ठिपक्यांच्या अक्षरांत, नावं घालून घेतलेली. माझ्यावर वैशाली आणि सुधाकर, तुझ्यावर मंगल आणि दिलीप. मी माझं पिशवीत घातलं. तू तुझं हातात तोललंस, नखानं वाजवलंस, आणि तुझ्या मनात काय आलं ते मला तिथंच, तोंडात अनारसा असताना कळलं.

तू जुन्या बाजारातून एक भला दांडगा हीटसिंक आणला होतास. प्रोसेसरच्या डोक्यावर बसून उष्णता ओढून घेणारा पात्यांचा ठोकळा. पण तो कुठल्या दुसऱ्याच मशीनचा. बसवला की मध्ये फट राहायची. तिथं तांब्याचा पत्रा भरायचा होता. मी म्हणालो, पत्रा बाजारात मिळतो की. तू म्हणालास, बाजारातल्या तांब्याचा भरवसा नाही, हे सासूबाईंनी पारखून घेतलेलं आहे. आणि कापलंस. ताम्हनाच्या मधल्या सपाट भागातून एक चौकोनी तुकडा, काडेपेटीहून थोडा लहान.

तुझं नशीब असं की लगेच सासूबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनला शहरात आल्या आणि तुझ्याकडंच उतरल्या. रोज सकाळी पूजा, आणि पूजेला त्यांनी दिलेलं ताम्हन पाहिजे. तू माझ्या दारात येऊन 'सुधाकरराव, जरा ताम्हन मिळेल का' म्हणालास तेव्हा तुझा चेहरा मी कधी विसरणार नाही. माझं ताम्हन तुझ्या देवघरात गेलं. त्यात तू कायम फुलं आणि तांदूळ भरून ठेवायचास, कुणी उलटं करू नये म्हणून. पण डोळ्याची पट्टी निघाल्यावर त्या बाईंना पहिलं काही सुचलं असेल तर भांडी घासायचं. ताम्हन पालथं पडलं आणि नव्या नजरेला वैशालीचं नाव लख्ख दिसलं.

तू म्हणालास, दुकानदारानं अदलाबदल केली असणार, मंगलचं वैशालीकडं गेलं असेल. त्या म्हणाल्या, मग चला, बघूनच येऊ. तू त्यांना रिक्षात बसवलंस आणि तेच ताम्हन पिशवीत घालून स्कूटरवर गल्लीबोळांतून पुढं. त्या माझ्या घरात शिरल्या तेव्हा ताम्हन आमच्या देवघरात होतं आणि तू सोफ्यावर धापा टाकत पेपर वाचत होतास, उलटा धरून. सासूबाईंनी ताम्हन पालथं केलं. वैशालीचंच नाव. त्यांनी आधी तुझ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"दोन पोरी दिल्या, दोन ताम्हनं दिली," त्या म्हणाल्या. "पोरी तरी दोघी जाग्यावर हायत का बघते." आणि स्वयंपाकघरात गेल्या. त्या दिवसानंतर त्यांनी विषय काढला नाही. आपण दोघं मात्र कितीतरी दिवस त्यांच्या पानाला पान लावून जेवायला घाबरत होतो.

एवढं होऊन तो पत्रा बसला. त्रेचाळीस अगदी लोण्यासारखं चालायला लागलं. पंचेचाळीस लावलं की मात्र तीच गत. प्रोसेसरच्या पोटात चार कोअर, चौघं मिळून काम ओढणारे. तिघं गार आणि एक तापून शंभराला टेकलेला. दर वेळी तोच. आपले रविवार त्या चौथ्यावर गेले. मी म्हणायचो, उष्णता पुढं जावी म्हणून मध्ये लावायची ती पेस्ट तू पुरणपोळीवर तूप सोडल्यासारखी सोडतोस. तू कमी लावलीस. मी म्हणालो, व्होल्टेज उतरव. तू उतरवलंस. मग मी म्हणायला लागलो की तो कोअरच जन्मतः अधू आहे, आमच्या खात्यात असा माल गेटावरनं परत पाठवतात. त्यावर तू गप्प बसायचास. माझं म्हणणं पटलं म्हणून गप्प बसतोस, असं मी समजत होतो.

पण काय रविवार होते रे ते. परीक्षा घेणारा तो प्रोग्राम चालू केला की स्क्रीनवर चार आकडे चढायला लागायचे आणि आपण दोघं पन्नाशी ओलांडलेले बाप्ये खुर्च्या पुढं ओढून श्वास धरून बसायचो. मंगलताई धपाटे आणि दही आणून ठेवायच्या, ते तसंच राहायचं. नव्वद. त्र्याण्णव. तू स्क्रीनकडं बघून 'दम धर, दम धर' म्हणायचास. मग पडदा काळा. आणि तू असा काही हसायचास की जणू मशीन बंद पडणं हेच त्या दिवसाचं काम होतं. घरी जाताना मला दर वेळी वाटायचं की माझा आठवडा आता सुरू झाला. हे मी तुला कधी सांगितलं नाही. साडूला असलं काही सांगतात, हेच मला माहीत नव्हतं.

तर त्या रविवारी, तुझ्याशिवाय त्या मशीनसमोर बसायच्या पहिल्याच, मी ती उघडली. आकडा लगेच खाली आणायला हात धजला नाही. म्हटलं आधी धूळ काढू, पेस्ट वाळली असेल ती बदलू, निदान तुझी बाजू पुरती ऐकून घेऊ. हीटसिंक सोडवला. पत्रा निघाला. ह्या सगळ्या वर्षांत तो मी कधी हातात घेतला नव्हता, पत्र्याचं काम तुझं आणि टोमण्यांचं माझं. पेस्ट पुसली. एक बाजू आरशासारखी, काचेवर पॉलिश पेपर ठेवून तू घासलेली. दुसरी बाजू फिरवली आणि बोटाला खरखरलं.

कोपऱ्यात ठिपक्यांची तीन अक्षरं. मंगल.

तुझं स्वतःचं नाव कापताना बाहेर गेलेलं. ताईंचं राहिलेलं. नाव घालणारा ठिपके मारतो तेव्हा प्रत्येक ठिपक्याभोवती तांबं कणभर वर उठतं, तुला मी काय सांगू. त्या कोपऱ्यात पत्रा कधी नीट टेकलाच नव्हता. आणि त्याच कोपऱ्याखाली आपला तो चौथा.

आधी मला वाटलं, चुकला बिचारा. मग खिडकीपाशी जाऊन उजेडात धरलं. अक्षरांच्या चारी बाजूंनी तू घासलं होतंस, काठाकाठानं, जपून, अक्षरं तेवढी सोडून. डोळे मिटून बोटाच्या टोकानं केसाएवढी कड सांगणारा माणूस तू. तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. दोन मिनिटं पेपर फिरवला असतास तर पंचेचाळीस पळालं असतं आणि माझं तोंड कायमचं बंद झालं असतं. त्याऐवजी तू पेस्ट बदललीस, पंखे फिरवलेस, व्होल्टेज उतरवलंस, आणि 'अधू माल' म्हणून माझी बडबड ऐकून घेतलीस. तरी मनातून पंचेचाळीस सुटत नव्हतं. नाव तसंच ठेवून ते कुठून तरी जमतंय का, हे तू शेवटपर्यंत बघत होतास.

मला तुझा राग आला, खोटं कशाला सांगू. मला तरी सांगायचंस. मग वाटलं, काय सांगणार होतास? टूलरूमचा माणूस तपासणी खात्यातल्या माणसाला सांगेल की कड दिसतेय, पण बायकोच्या नावावर पेपर फिरवायला हात होत नाही? मी ते महिनाभर चघळत फर्दापूरपर्यंत पोचवलं असतं. मला हसू यायला लागलं. हसता हसता चष्मा काढून पुसावा लागला.

मंगलताई चहा घेऊन आल्या. मी पत्रा त्यांच्या तळहातावर ठेवला. चष्मा जवळ नव्हता, म्हणून त्यांनी अक्षरांवरनं बोट फिरवलं आणि बोटालाच कळलं. मी सगळं सांगितलं, कोपरा, ठिपके, चौथा कोअर, आणि तू सोडून दिलेली जागा. त्या खुर्चीवर बसल्या. आणि पदर तोंडाला लावून अशा हसायला लागल्या की शेजारचे डोकावले.

"म्हंजे इतकी वर्सं माझ्यामुळंच तापत होतं व्हय," त्या म्हणाल्या. "अन् मला म्हणायचे, ऊन लई हाय."

मी त्यांना म्हणालो, हे नाव असंच राहू द्या. मी आकडा खाली आणतो, कॅसेटा नीट उतरतील, कुणाचं काही अडत नाही. नाहीतर माझ्या ताम्हनाचा तुकडा कापू. त्यावर त्यांनी हात जोडले. म्हणाल्या, तुमचं कापू नका, आई परत रिक्षा करून येईल. मग पत्रा परत हातात फिरवत राहिल्या. काय करायचं ते त्यांनाच ठरवायचं होतं. नाव त्यांचं आणि माणूसही त्यांचाच.

"त्यांनी ते माझ्यासाठी ठेवलं," शेवटी त्या म्हणाल्या. "पण त्यांना पंचेचाळीस पाहिजे व्हतं ना? मग मी घासते. द्या तो कागद इकडं."

मी म्हणालो, ताई, विचार करा, एकदा गेलं की गेलं.

"नाव गेल्यानं मी कुठं जात नाय, सुधाकरराव. तांबं घासण्यात माझा जल्म गेला. तुम्ही फक्त कसं धरायचं ते दावा."

मी दाखवलं. तुझीच काच, तुझाच पेपर, थोडं पाणी, आणि आठाच्या आकड्यासारखा हात फिरवायचा. त्यांनी फिरवला. पाण्यात तांबूस गाळ उतरायला लागला. मध्ये थांबून त्यांनी बोट लावलं, 'अजून लागतंय' म्हणाल्या आणि पुन्हा सुरू झाल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही, आणि तोंडावरचं हसूही गेलं नाही. असं दोन्ही एकदम चाललेलं मी याआधी कुणाचं पाहिलं नव्हतं. मग पत्रा माझ्याकडं दिला. मी उजेडात धरला, पट्टी लावली, बोट फिरवलं. नोकरीत मी इतका माल पास केला, पण कुठल्याही तुकड्याला 'पास' म्हणायच्या आधी तीन-तीनदा बोट फिरवलं नव्हतं, ह्याला फिरवलं.

बसवलं. पंचेचाळीस लावलं, किंवा तू लावलेलं तसंच ठेवलं म्हण. भर दुपार, बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही, कूलर आमच्याकडं तोंड करून. ताईंनी मुद्दाम सगळ्यात मोठी कॅसेट निवडली, तुमच्याच लग्नाची. चार आकडे चढायला लागले. मी खुर्ची पुढं ओढली. ताईंनीही ओढली. चौथा बाकीच्या तिघांच्या पंगतीत बसल्यासारखा बरोबरीनं चालला होता, एक डिग्री इकडं ना तिकडं. ऐंशीच्या जवळपास जाऊन चौघंही थांबले आणि तिथंच राहिले. कॅसेट संपली. मंगलाष्टकं झाली, जेवणावळी झाल्या, वऱ्हाड उठलं, तरी मशीन चालूच.

दिलीप, तू बरोबर होतास. वेगाचा दोष नव्हता. मी हरलो, आणि हरल्यावर एवढं बरं वाटतं हे माहीत असतं तर मी पहिल्याच रविवारी हरलो असतो.

ताई चहाचे कप उचलत होत्या. स्क्रीनकडं बघत म्हणाल्या, "ते असते तर आत्ता काय म्हणले असते?"

मला विचार करावा लागला नाही. "सेहेचाळीस लावू, म्हणाला असता."

मी त्यांच्यासमोर तुला अरे म्हणालो, हे दोघांच्याही लक्षात आलं. त्यांनी कप परत खाली ठेवले आणि खुर्चीत बसल्या.

"मग लावा की," त्या म्हणाल्या.

मी लावलं.